नादुरुस्त हार्ड डिस्क परत करताना दप्तराचा बंदोबस्त

संगणकाची हार्ड डिस्क हमीच्या मुदतीत बिघडली म्हणजे मालकाच्या मनात दोन प्रश्न तत्काळ उभे राहतात: आतला मजकूर पुन्हा हाती लागेल की नाही, आणि नवी डिस्क विनाशुल्क बदलून मिळेल की नाही. जो मजकूर आपल्याला आता दिसेनासा झाला आहे तो उद्या दुसऱ्या कोणाला दिसेल काय, हा तिसरा प्रश्न मात्र, सर्वांत महत्त्वाचा असूनही, बहुधा विचारलाच जात नाही; आणि बिलाची प्रत शोधून, डिस्क खोक्यात घालून, ती दुकानदाराच्या हवाली केली की मनुष्य मोकळा होतो. सनदी लेखापाल, डॉक्टर, वकील, पतसंस्थेचे व्यवस्थापक, शाळेतील कारकून, गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस, अशा ज्या मंडळींच्या संगणकात स्वतःपेक्षा इतरांचीच माहिती अधिक असते, त्यांच्यासाठी हे लिखाण मुख्यतः आहे; कारण वॉरंटीत परत जाणारी वस्तू त्यांच्या मालकीची असली, तरी तिच्यात भरलेले दप्तर परक्यांचे असते, आणि ते दुसऱ्याच्या सुपूर्द करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नसतो.

परत केलेली डिस्क दुकानदाराकडून वितरकाकडे किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये, आणि तेथून उत्पादक कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात जाते. तेथे तिची तपासणी होते. दुरुस्त होण्याजोगी असेल तर ती दुरुस्त करून, पुन्हा चाचण्या घेऊन, नवे लेबल लावून दुसऱ्या एखाद्या ग्राहकाकडे बदली म्हणून रवाना केली जाते. आपल्याला बदली मिळालेल्या डिस्कचे लेबल वाचून पाहावे. 'रीसर्टिफाइड' किंवा 'सर्टिफाइड रिपेअर्ड' असे शब्द त्यावर पुष्कळदा आढळतात, म्हणजे तीही कधीकाळी कोणाच्या तरी कार्यालयात चालत होती. नामांकित कंपन्या दुरुस्ती करताना जुना मजकूर पुसून टाकतात हे मान्य केले, तरी आपल्या मेजापासून त्या केंद्रापर्यंतच्या वाटेवर दुकानातील नोकर, कुरिअरचा माणूस, गोदाम आणि तपासणीचे टेबल एवढे टप्पे लागतात, आणि जी डिस्क दुरुस्त होत नाही ती भंगाराच्या वाटेने आणखी कोणाकोणाच्या हाती पडते याचा दाखला ग्राहकाला कधी मिळत नाही. हमीपत्राच्या बारीक अक्षरांत मात्र एक गोष्ट साधारणतः स्पष्ट नमूद असते: आतील माहितीची जबाबदारी कंपनीची नव्हे, ग्राहकाची.

हा धोका काल्पनिक नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात माजी सैनिकांच्या नोंदी सांभाळणारी एक यंत्रणा सहा डिस्कांच्या संचावर चालत असे. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांतील एक डिस्क बिघडली तेव्हा शिरस्त्याप्रमाणे ती पुरवठादाराकडे दुरुस्तीसाठी परत गेली, ती दुरुस्त होत नाही असे ठरल्यावर पुरवठादाराने ती मोडीत काढण्यासाठी दुसऱ्या संस्थेकडे दिली, आणि पुढील वर्षी हे प्रकरण उघडकीस आले तेव्हा त्या संचात सुमारे ७ कोटी ६० लाख माजी सैनिकांच्या नोंदी, त्यांतील लाखोंच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकांसह, होत्या हे जगजाहीर झाले. येथे चोरी झालेली नव्हती, कोणी कुलूप फोडले नव्हते. वॉरंटीच्या रोजच्या कामकाजात, प्रत्येकाने आपापले काम नेहमीप्रमाणे केल्यामुळेच, ती डिस्क पुसल्यावाचून बाहेर गेली होती. ठेकेदार गोपनीयतेच्या कराराने बांधलेले होते, असा बचाव अभिलेखागाराने केला. परंतु करार डिस्कवरील अक्षरे पुसत नाही, ही गोष्ट त्या बचावाने झाकली जात नाही.

सहा डिस्कांच्या संचातील एकटी डिस्क कोणाच्या काय उपयोगाची, असा आक्षेप येथे घेतला जातो. संच प्रतिबिंब पद्धतीचा, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर ठेवणारा असेल, तर एका डिस्कमध्ये सर्वच मजकूर असतो. मजकूर तुकड्यातुकड्यांनी वाटला जात असला, तरी एकेक तुकडा सामान्यतः कित्येक किलोबाइटांचा असतो, आणि एका माणसाचे नाव, पत्ता, जन्मतारीख व खाते क्रमांक मावायला त्याच्या शतांश जागाही पुरते.

दुसरा, अधिक प्रचलित गैरसमज असा की जी डिस्क आपल्या संगणकात डिटेक्ट होत नाही ती मेली, आणि तिच्यासोबत आतला मजकूरही गेला. डिस्क उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूस तारकाकृती डोक्याच्या लहान स्क्रूंनी बसवलेली एक हिरवी किंवा निळी सर्किटची पट्टी दिसते. विजेचा दाब अकस्मात वाढून ही पट्टी जळली, तर डिस्क फिरतही नाही आणि संगणकाला तिचा पत्ताही लागत नाही. परंतु कसबी कारागीर त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कची पट्टी मिळवतो, पुष्कळ डिस्कांच्या पट्टीवर जी आठ पायांची इवलीशी चिप असते आणि जिच्यात त्या विशिष्ट डिस्कची जुळणी लिहिलेली असते ती जुन्या पट्टीवरून उतरवून नव्या पट्टीवर सोल्डर करतो, आणि तबकड्यांना हातही न लावता सारे दप्तर पहिल्यासारखे उघडतो. टकटक आवाज करणाऱ्या डिस्कचे काम याहून कठीण, कारण तेथे धूळविरहित कक्षात वाचणारी शीर्षे बदलावी लागतात. तरी डेटा रिकव्हरीचा व्यवसाय अशाच कामांवर चालतो. बिघाड बहुतेक वेळा वाचणाऱ्या यंत्रणेत असतो. लिहिलेला मजकूर तबकडीवर तसाच राहतो.

म्हणून डिस्क परत करण्यापूर्वी पहिला निर्णय असा करावा: ती अजून हुकूम ऐकते की नाही? संगणकाला ती दिसत असेल, फक्त मंद झाली असेल, बॅड सेक्टर दाखवत असेल किंवा तपासणीच्या सॉफ्टवेअरने धोक्याची सूचना दिली असेल, तर वेळ दवडू नये. आधी आवश्यक मजकुराची नक्कल काढावी, त्या नक्कलेतील दोन-चार फाइली उघडून ती वाचता येते याची रुजुवात करावी, आणि मगच पुसण्याच्या कामास हात घालावा. फाइली डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली किंवा क्विक फॉरमॅट दिला, तर मूळ मजकूर जागच्या जागी राहतो. बदलतात त्या फक्त कोणती फाइल कोठे आहे हे सांगणाऱ्या नोंदी. विंडोजमध्ये डिस्कपार्ट या साधनातील 'क्लीन ऑल' हा आदेश प्रत्येक सेक्टरवर शून्ये लिहितो आणि तोच येथे कामाचा आहे. नुसता 'क्लीन' नव्हे. मात्र हा आदेश देण्यापूर्वी संगणकाला जोडलेल्या इतर डिस्का काढून ठेवाव्यात आणि आकारमान पाहून योग्य डिस्क निवडल्याची खातरजमा करावी, कारण चुकीच्या डिस्कवर दिलेला हुकूम परत घेता येत नाही. चार टेराबाइटच्या निरोगी डिस्कवर हे काम सात-आठ तास चालते. आजारी डिस्कवर त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो आणि कधी ते मध्येच थांबते. ज्याअर्थी ते थांबले त्याअर्थी पुढचा भाग पुसलेला नाही, आणि ही डिस्क पुसलेल्यांच्या नव्हे, न पुसलेल्यांच्या यादीत धरली पाहिजे.

पस्तीस वेळा पुसल्यावाचून मजकूर खरोखर जात नाही, अशी समजूत अद्याप काही जाणकारांतही आहे. तिचा उगम पीटर गुटमन यांच्या १९९६ मधील निबंधात आहे, आणि तो निबंध त्या काळच्या डिस्कांविषयी होता. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या चुंबकीय डिस्कवर सर्वत्र एकवार लिहिणे सामान्यतः पुरेसे असते. उणीव वेगळ्याच ठिकाणी राहते. डिस्क चालू असताना जे सेक्टर कमकुवत होतात ते ती स्वतःच बाद ठरवून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरू लागते, आणि बाद सेक्टरांवरील जुनी अक्षरे बाहेरून दिलेल्या शून्यांच्या आवाक्यात येत नाहीत. यासाठी डिस्कच्याच अंगी असलेला 'सिक्युअर इरेज' हा आदेश, आणि उपलब्ध असल्यास त्याचा 'एन्हान्स्ड' प्रकार, वापरावा. हा प्रकार बाद सेक्टरांनाही लागू होतो. लिनक्सवर एचडीपार्म या साधनाने तो देता येतो. त्यासाठी डिस्क यूएसबीच्या केबलने न जोडता संगणकातील साटा जोडणीला थेट लावणे उत्तम.

एसएसडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात चिपा झिजू नयेत म्हणून प्रत्येक नवे लेखन वेगळ्या जागी होते आणि काही जागा वापरकर्त्याला दिसतच नाही. त्यामुळे वरून शून्ये लिहिल्याने सर्व जुना मजकूर गेला असे म्हणता येत नाही. एसएसडीचा स्वतःचा पुसण्याचा आदेश हाच तेथे मार्ग. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की काही एसएसडींत तो आदेशही सदोष रीतीने बसवलेला होता. त्यात भर अशी की एसएसडी बिघडताना पुष्कळदा पूर्वसूचना देत नाही. ती एकाएकी दिसेनाशी होते, किंवा वाचता येते पण लिहिता येत नाही अशा अवस्थेत अडकते, आणि तशा अवस्थेत ती पुसणे अशक्य असते.

आता जी डिस्क हुकूम ऐकत नाही तिचा विचार करू. घरातील लोहचुंबक फिरवून काही साधत नाही. डीगॉसर नावाची जी प्रबळ चुंबकीय यंत्रे असतात ती चुंबकीय डिस्कचा मजकूर खरोखर नष्ट करतात, परंतु त्याबरोबर शीर्षांना वाट दाखवणाऱ्या कारखान्यातील खुणाही पुसल्या जाऊन डिस्क कायमची निरुपयोगी होते, आणि अशी डिस्क हमीत घेतील की नाही हे आधी लेखी विचारल्यावाचून तसे करू नये. एसएसडीवर तर चुंबकाचा परिणामच होत नाही. झाकण उघडले किंवा भोके पाडली की हमी संपली. म्हणजे मृतवत् आणि कूटबद्ध नसलेल्या डिस्कच्या मालकापुढे खरे मार्ग दोनच उरतात: डिस्क स्वतःजवळ ठेवून बदली मिळवण्याची तजवीज करणे, किंवा वॉरंटीवर पाणी सोडणे.

पहिल्या मार्गाची सोय पुष्कळांना ठाऊक नसते. डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्या आपल्या व्यावसायिक संगणकांसाठी, थोडे अधिक शुल्क घेऊन, बिघडलेली डिस्क ग्राहकानेच ठेवावी आणि बदली डिस्क घ्यावी अशी सेवा विकतात. डेलची 'कीप युअर हार्ड ड्राइव्ह' ही त्यांपैकीच एक. इस्पितळ, बँक, पतसंस्था किंवा शासकीय कचेरी यांनी निविदेतच ही अट घालावी, कारण खरेदीच्या वेळी ती अल्प खर्चात मिळते आणि डिस्क उडाल्यावर मागून मिळण्याची आशा थोडी. सुटी डिस्क विकत घेतलेल्या लहान ग्राहकाला ही सवलत क्वचित असते, तरी सर्व्हिस सेंटरला विचारून पाहण्यास हरकत नाही. नकार मिळाला तर तो लेखी मिळवावा.

दुसऱ्या मार्गाविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे. चार-सहा हजार रुपयांच्या डिस्कसाठी परक्यांचे दप्तर पणाला लावू नये. एखाद्या लेखापालाच्या डिस्कवर काय काय असते याचा क्षणभर विचार करावा: अशिलांचे पॅन आणि आधारची स्कॅन केलेली चित्रे, टॅलीचा डेटा, फॉर्म सोळा, सही केलेल्या कोऱ्या धनादेशाचा कोणी घाईत पाठवलेला फोटो, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, आणि वर्षानुवर्षांची ईमेल एकाच मोठ्या फाइलीत. डॉक्टरांच्या डिस्कवर तर अशा व्याधींची नोंद असते ज्या रुग्णाने घरच्यांपासूनही लपवल्या असतील. ज्यांनी विश्वासाने ही माहिती दिली त्यांना विचारले, की तुमचे कागद अनोळखी हातांत जाऊ देऊन मी डिस्कचे पैसे वाचवू काय, तर त्यांचे उत्तर काय येईल याविषयी शंका नको. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षिततेचे वाजवी उपाय न योजणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु कायदा नसता तरी हा हिशेब बदलला नसता.

वॉरंटी सोडायची ठरल्यावर डिस्क कपाटात टाकून विसरू नये, नष्ट करावी. मोठ्या डिस्कच्या तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांतून आरपार चार-पाच भोके पाडावीत. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि फुटून त्यांच्या कपच्या उडतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातल्यावाचून हे काम करू नये. एसएसडीत प्रत्येक चिप फुटली पाहिजे. एक जरी अखंड राहिली तरी तिच्यातील मजकूर राहिला. उरलेले अवशेष अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत.

हा सगळा पेचप्रसंग टाळण्याचा उपाय मात्र डिस्क बिघडल्याच्या दिवशी हाती नसतो. तो ती विकत घेतल्याच्या दिवशी असतो. पहिली फाइल ठेवण्यापूर्वी संपूर्ण डिस्क कूटबद्ध केली, म्हणजे ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात ते सुरू केले, तर तबकडीवर किंवा चिपांत जाते ते अक्षर किल्लीवाचून अर्थहीन असते, आणि मग डिस्क पुसता आली काय, न आली काय, ती निर्धास्तपणे परत करता येते. बाद ठरलेले सेक्टर, चिपांतील अदृश्य जागा, अर्धवट थांबलेले पुसणे, या सर्व अडचणी एकदम निकालात निघतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होम आवृत्तीत अनेक संगणकांवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळते, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स, आणि जेथे यांपैकी काही नाही तेथे व्हेराक्रिप्ट विनामूल्य उपलब्ध आहे. बिटलॉकर सुरू करताना तो विचारतो की फक्त वापरलेली जागा कूटबद्ध करावी की संपूर्ण डिस्क. कोऱ्या डिस्कसाठी पहिला पर्याय चालतो, परंतु आधीपासून वापरात असलेल्या डिस्कसाठी संपूर्ण डिस्कच निवडावी, नाही तर पूर्वी डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष उघडेच राहतात. एसएसडीच्या अंगच्या एन्क्रिप्शनवर मात्र विसंबू नये. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही प्रसिद्ध एसएसडींमधील ते संरक्षण किल्लीवाचून भेदता येते असे सिद्ध केले, आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेही बिटलॉकरची मूळ मांडणी बदलून एन्क्रिप्शनचे काम सॉफ्टवेअरकडे घेतले.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की छापून त्या संगणकापासून वेगळ्या ठिकाणी, कुलपात ठेवावी; ती हरवली तर आपलेच दप्तर आपल्याला परके होते. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्का या व्यवस्थेतून सुटता कामा नयेत, कारण मुख्य डिस्क कूटबद्ध आणि तिची नक्कल उघडी असा प्रकार कार्यालयोकार्यालयी आढळतो. गृहनिर्माण संस्थांच्या सीसीटीव्हीची डिस्कही लक्षात ठेवावी. कोण किती वाजता घरी येतो, घर केव्हा बंद असते, याची महिनाभराची साक्ष तिच्यात असते, रेकॉर्डर ती सहसा कूटबद्ध करत नाही, आणि देखभालीचा ठेकेदार ती बदलून जुनी आपल्या पिशवीत घालून नेतो. ती नेऊ देऊ नये.

पूर्ण लॅपटॉपच दुरुस्तीला द्यायचा असेल, तर पासवर्ड मागून तो चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. बिघाड पडद्याचा किंवा कळफलकाचा असेल तर डिस्क काढून द्यावी, आणि ती काढता येण्यासारखी नसेल तर तपासणीपुरते एक वेगळे, प्रशासकीय अधिकार नसलेले खाते उघडून त्याचाच पासवर्ड द्यावा; एन्क्रिप्शन आहे म्हणून स्वस्थ राहू नये, कारण खऱ्या खात्याचा पासवर्ड हाती पडल्यावर ते काहीच अडवत नाही.

कार्यालयात एक नोंदवही ठेवावी: डिस्कचा अनुक्रमांक, ती कोणत्या संगणकात होती, कूटबद्ध होती की नव्हती, कशी व कोणी पुसली, पुसल्याची खातरजमा कोणी केली, कोणाच्या ताब्यात कोणत्या तारखेस दिली आणि पावती क्रमांक काय. या नोंदीवाचून एकही डिस्क दाराबाहेर जाऊ नये, मग नेणारा रोजच्या ओळखीचा असला तरीही.

आणि हे वाचत असतानाच ज्यांना आठवेल की गेल्याच महिन्यात आपण एक डिस्क तशीच देऊन बसलो आहोत, त्यांनी प्रथम दुकानात फोन करून ती अद्याप तेथेच आहे काय हे विचारावे, कारण माल जमा करून एकदमच पुढे पाठवण्याची पद्धत असल्याने ती पुष्कळदा काही दिवस दुकानातच पडून असते. ती रवाना झाली असल्यास त्या संगणकात साठवलेला प्रत्येक पासवर्ड बदलावा, ईमेल आणि बँकेच्या खात्यांतून सर्व जुनी लॉगिन बाद करावीत, डिजिटल सहीची फाइल डिस्कवर असल्यास ते प्रमाणपत्र रद्द करून नवे घ्यावे, आणि ज्यांचे आधार, पॅन वा धनादेश तिच्यात होते त्या अशिलांना, रुग्णांना किंवा सभासदांना, संकोच न करता, कोणती माहिती बाहेर गेली असू शकते हे लेखी कळवावे, म्हणजे त्यांना आपल्या खात्यांवर लक्ष ठेवता येईल.